गोल्डन ग्लोब: मूठभर मतांची ऐंशी वर्षं

2021 साली ऑस्करच्या मतदारयादीत नऊ हजारांहून जास्त नावं होती. त्याच साली गोल्डन ग्लोबची यादी 87 नावांवर संपत होती. हे 87 जण दिग्दर्शक नव्हते, नट नव्हते, निर्मातेही नव्हते. लॉस एंजेलिसमध्ये राहून आपापल्या देशातल्या वर्तमानपत्रांना आणि मासिकांना हॉलिवूडच्या बातम्या, मुलाखती पुरवणारे ते पत्रकार. त्यातल्या बऱ्याच जणांची नावं त्यांच्या देशातही फारशी कुणाला ठाऊक नसत. तरी दर जानेवारीत त्यांच्या हातून मिळणाऱ्या सोनेरी गोलासाठी बडेबडे स्टुडिओ पैसा ओतत आणि तारे-तारका त्यांच्यासोबत हसून फोटो काढून घेत. ही ताकद कुठून आली, इतकी वर्षं कशी टिकली, आणि ती संस्था बरखास्त झाल्यावरही तिचा पुरस्कार कसा शिल्लक राहिला, हे पाहण्यासारखं आहे.

सुरुवात 1943 ची. महायुद्ध चालू होतं. हॉलिवूडमधल्या परदेशी बातमीदारांना स्टुडिओच्या दारात फारशी किंमत नव्हती. एकट्यादुकट्याला मुलाखत मिळायची मारामार, पण संघटना म्हणून गेलं तर दार उघडतं, हे जगभरचं सत्य त्यांनाही उमगलं आणि ‘हॉलिवूड फॉरेन करस्पॉन्डंट्स असोसिएशन’ जन्माला आली. जानेवारी 1944 मध्ये पहिले पुरस्कार दिले गेले ते ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स या स्टुडिओच्या आवारात. ना बाहुली, ना गोल. विजेत्यांच्या हाती कागदाच्या गुंडाळीवरचं मानपत्र ठेवलं गेलं. सर्वोत्तम चित्रपट ठरला ‘द साँग ऑफ बर्नाडेट’, सर्वोत्तम अभिनेत्री त्याच चित्रपटातली जेनिफर जोन्स. हा चित्रपट फॉक्सचाच होता. यजमानाच्या घरी जेवून यजमानालाच बक्षीस. यात काही काळंबेरं होतं असं म्हणायला पुरावा नाही, आणि चित्रपट वाईटही नव्हता. पण पुढच्या ऐंशी वर्षांत ज्या प्रश्नाने या संस्थेचा पिच्छा सोडला नाही, तो पहिल्याच दिवशी दारात उभा होता.

चित्रपटाची फीत गुंडाळलेला पृथ्वीचा गोल ही कल्पना थोड्याच दिवसांत आली, ती मरीना सिस्टर्नास या अध्यक्षांची. 1950 मध्ये, आपल्याकडे गणेशोत्सव मंडळ फुटावं तशी, संस्था फुटली. दोन गट, दोन समारंभ, दोन वेगळे पुरस्कार. पाच वर्षांनी, 1955 मध्ये, दोघांनी पुन्हा एक होऊन ‘हॉलिवूड फॉरेन प्रेस असोसिएशन’ हे नाव घेतलं. फुटीच्या त्या काळातच दोन टिकाऊ गोष्टी घडल्या. 1951 पासून सर्वोत्तम चित्रपटाचे आणि मुख्य अभिनयाचे पुरस्कार ‘नाट्य’ आणि ‘संगीतिका किंवा विनोदी’ असे विभागले गेले, आणि 1952 पासून दिग्दर्शक सेसिल बी. डमिल यांच्या नावाचा, जीवनगौरवासारखा पुरस्कार सुरू झाला. पहिला अर्थातच खुद्द डमिल यांना.

ही विभागणी मला मनापासून पटते. हसवणाऱ्या चित्रपटाला मोठ्या पुरस्कारांच्या पंगतीत मागे बसवायची सवय सगळीकडेच आहे. ग्लोबने त्याला वेगळं पान मांडलं. अर्थात सोय दिसली की पळवाट शोधणारे येतातच. मंगळावर एकटा अडकलेल्या अंतराळवीराची गोष्ट सांगणारा ‘द मार्शियन’ 2016 मध्ये सर्वोत्तम विनोदी किंवा संगीतमय चित्रपट ठरला, तेव्हा हसू आलं ते या वर्गवारीचंच.

1956 पासून दूरचित्रवाणीलाही ग्लोब मिळू लागला. ऑस्कर फक्त चित्रपटाचं, एमी फक्त छोट्या पडद्याची. इथे दोघं एका मांडवाखाली आले. त्या काळी चित्रपटातली मंडळी टीव्हीवाल्यांकडे जरा नाक मुरडून पाहत, त्यामुळे हा मांडव लहानसहान गोष्ट नव्हती. नव्या मालिकेला लवकर हेरायची हौसही ग्लोबला राहिली. 2015 मध्ये ‘ट्रान्सपेरंट’ या ॲमेझॉनच्या मालिकेला त्यांनी सर्वोत्तम विनोदी मालिकेचा मान दिला, तेव्हा घरोघरी केबलचाच अंमल होता.

समारंभाचा बाजही हळूहळू ठरला. 1958 मध्ये पत्रकारांच्या संथ, कागदी भाषणांना कंटाळून फ्रँक सिनात्रा, डीन मार्टिन आणि सॅमी डेव्हिस ज्युनियर हातात ग्लास आणि सिगरेट घेऊन थेट मंचावर चढले आणि सूत्रं त्यांनीच ताब्यात घेतली. लोकांना तो धिंगाणा इतका आवडला की पुढच्या वर्षी त्यांना रीतसर बोलावलं गेलं. 1961 पासून समारंभ बेव्हर्ली हिल्टन हॉटेलात होतो. ऑस्करला थिएटरच्या रांगांमध्ये ताठ बसावं लागतं. इथे गोल टेबलं, जेवण, शॅम्पेन. त्यामुळे भाषणं सैल होतात, जिभाही.

याच वर्षांत आपल्या माणसाचं नाव या यादीत आलं, आणि ते आपण जवळजवळ विसरलो.

1959 मध्ये व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ला गोल्डन ग्लोबचा सॅम्युअल गोल्डविन आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. अमेरिकेबाहेर तयार झालेल्या चित्रपटासाठी तो दिला जाई. त्याआधी 1957 च्या सर्वोत्तम भारतीय चित्रपटाचं राष्ट्रपती सुवर्णपदक आणि 1958 मध्ये बर्लिनचं रौप्य अस्वल त्याने मिळवलं होतं. चित्रपट हिंदी, पण त्याची मुळं माणदेशातली. औंध संस्थानात राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधी आणि पोलंडहून आलेले अभियंता मॉरिस फ्रिडमन यांनी कैद्यांना भिंतींशिवाय, शेतीवर, विश्वासाने ठेवायचा प्रयोग केला. आटपाडीजवळची ती वसाहत म्हणजे स्वतंत्रपूर. तिची कथा पडद्यासाठी लिहिली ग. दि. माडगूळकरांनी, ते तर त्याच मातीतले. संगीत वसंत देसाईंचं. आणि खुनाची शिक्षा भोगणाऱ्या सहा कैद्यांना घेऊन माळरानावर जाणाऱ्या तुरुंगाधिकाऱ्याच्या भूमिकेत स्वतः शांताराम. शेवटी बैलाशी झुंजण्याचा प्रसंग आहे. तो करताना त्यांच्या डोळ्यांना इजा झाली आणि काही काळ दृष्टी जाते की काय अशी वेळ आली. डोळ्यांवर पट्टी असतानाच्या त्या दिवसांतून पुढे ‘नवरंग’ सुचला.

पन्नास वर्षांनी, जानेवारी 2009 मध्ये, ‘स्लमडॉग मिलियनेर’च्या पार्श्वसंगीतासाठी ए. आर. रेहमान यांना ग्लोब मिळाला, तेव्हा ‘ग्लोब मिळवणारा पहिला भारतीय’ असे मथळे झळकले. व्यक्तीला मिळालेला स्पर्धेतला पुरस्कार म्हणून पाहिलं तर ते खरंही असेल. पण कोल्हापूरच्या माणसाने अर्धशतक आधी त्या यादीत नाव घातलं होतं, ही ओळ त्या बातम्यांना जोडायला हवी होती.

कोल्हापूरचंच आणखी एक नाव या कथेच्या कडेला आहे. 1983 मध्ये ‘गांधी’ने पाच ग्लोब जिंकले. ब्रिटिश निर्मिती म्हणून तो सर्वोत्तम परदेशी चित्रपट ठरला, शिवाय दिग्दर्शन, पटकथा, आणि बेन किंग्जले यांना दोन. पण त्या चित्रपटाची वेशभूषा जॉन मोलो यांच्यासह करणाऱ्या भानू अथैया यांना ग्लोब मिळणं शक्यच नव्हतं, कारण ग्लोबमध्ये वेशभूषेचा पुरस्कारच नाही. छायाचित्रण नाही, संकलन नाही, ध्वनी नाही. पत्रकारांनी काढलेला पुरस्कार तो, त्याची नजर चेहऱ्यावर. ज्याची मुलाखत छापता येते त्याला बक्षीस, असं म्हटलं तर थोडं कडू वाटेल, पण फार चुकीचं ठरणार नाही. अथैया यांचं कौतुक काही महिन्यांतच ऑस्करने केलं आणि त्या ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय ठरल्या.

आता पाहुणचाराची गोष्ट. साठच्या दशकात एनबीसी वाहिनीने समारंभ देशभर दाखवायला सुरुवात केली आणि ग्लोबचा भाव वाढला. 1968 मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय दळणवळण आयोगाने आक्षेप घेतला की, विजेते कसे निवडले जातात याबाबत हा कार्यक्रम प्रेक्षकांची दिशाभूल करतो. एनबीसीने हात झटकले आणि 1974 पर्यंत ती परतली नाही.

मग 1982. ‘नवोदित तारा’ या पुरस्कारासाठी ‘बॉडी हीट’ची कॅथलीन टर्नर होती, ‘रॅगटाइम’ची एलिझाबेथ मॅकगव्हर्न होती. पुरस्कार गेला ‘बटरफ्लाय’ नावाच्या चित्रपटातल्या पिया झडोराला. तिचे पती मेशुलाम रिक्लिस हे लास व्हेगासमधल्या रिव्हिएरा हॉटेल-कॅसिनोचे मालक. मतदार पत्रकारांना त्यांनी तिथे पाहुणचारासाठी नेलं होतं. खाल्ल्या मिठाला जागणं हा सद्गुण खरा, पण परीक्षकाने तो अंगी बाणवायचा नसतो. त्याच भूमिकेसाठी झडोराला वर्षातल्या सर्वांत वाईट अभिनयाचा ‘रॅझी’ पुरस्कारही मिळाला. तेव्हा समारंभ दाखवणाऱ्या सीबीएस वाहिनीने प्रक्षेपण थांबवलं. ‘नवोदित तारा’ हा पुरस्कार आणखी एकदा, 1983 मध्ये दिला गेला आणि बंद झाला. किंग्जले यांच्या दोन ग्लोबपैकी दुसरा तोच.

एखादी संस्था एवढ्यावर संपली असती. ग्लोब संपला नाही, कारण तो चालू राहणं सगळ्यांच्या सोयीचं होतं. ऑस्करच्या आधी काही आठवडे स्टुडिओला आपल्या चित्रपटाच्या जाहिरातीत ‘विजेता’ हा शब्द छापायला मिळतो. ताऱ्यांना भाषणाची रंगीत तालीम होते. वाहिनीला हसणारे, पिणारे, घसरणारे प्रसिद्ध चेहरे तीन तास मिळतात. 1996 मध्ये एनबीसी परत आली आणि हे गणित पक्कं झालं.

आणि रात्री खरोखरच रंगत. 18 जानेवारी 1998 ची रात्र घ्या. ‘शिकागो होप’ मालिकेसाठी क्रिस्टीन लाहटी यांचं नाव पुकारलं गेलं, आणि त्या जागेवर नव्हत्या. स्वच्छतागृहात होत्या. खोळंबलेल्या मंचावर रॉबिन विल्यम्स चढले आणि त्यांनी वेळ मारून नेली. शेवटी लाहटी धावत आल्या. त्याच रात्री दूरचित्रपटातल्या मुख्य भूमिकेसाठी व्हिंग रेम्स यांना ग्लोब मिळाला. रेम्स यांनी प्रेक्षकांत बसलेल्या, त्याच गटात नामांकन असलेल्या जॅक लेमन यांना वर बोलावलं आणि आपला गोल त्यांच्या हातात दिला. बहात्तर वर्षांचे लेमन तो परत करू पाहत होते आणि रेम्स घेत नव्हते. सभागृह उभं राहिलं. नंतर संस्थेने रेम्स यांच्यासाठी दुसरा गोल बनवून दिला. ऑस्करच्या आखीव व्यवस्थेत असं काही घडणं कठीण. ग्लोबवर प्रेम करणारे लोक का आहेत, हे अशा रात्री कळतं.

पण पुढच्याच वर्षी ‘द म्यूज’च्या निमित्ताने शेरॉन स्टोनच्या वतीने सदस्यांना महागडी मनगटी घड्याळं पोचली. बभ्रा झाल्यावर संस्थेने ती परत करायला लावली. 2011 मध्ये ‘द टुरिस्ट’ या रहस्यपटाला विनोदी गटात नामांकन मिळालं आणि सूत्रसंचालक रिकी जर्व्हेस याने यजमानांच्याच तोंडावर त्यांची भरपूर खिल्ली उडवली. संस्थेने ते ऐकून घेतलं, आणि पुढच्या वर्षी त्यालाच पुन्हा बोलावलं. टीका हाही त्यांच्या कार्यक्रमाचा खपाऊ भाग झाला होता. त्याआधी 2008 मध्ये पटकथाकारांच्या संपामुळे समारंभ झाला नाही, नुसती पत्रकार परिषद झाली. 2018 मध्ये लैंगिक छळाच्या निषेधार्थ अभिनेत्री काळ्या पोशाखात आल्या. डमिल पुरस्कार घेणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री म्हणून ओप्रा विन्फ्री तिथे बोलल्या. त्याच संध्याकाळी दिग्दर्शनासाठीचे सगळे पाचही उमेदवार पुरुष होते. स्त्रीला दिग्दर्शनाचा ग्लोब तोवर एकदाच मिळाला होता, 1984 मध्ये ‘येंटल’साठी बार्ब्रा स्ट्रायसंड यांना. दुसरी स्त्री, क्लोई जाओ, यायला 2021 उजाडावं लागलं.

आणि 2021 मध्येच सगळं बाहेर आलं. समारंभाच्या आठवडाभर आधी ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने लांबलचक शोधवृत्त छापलं. 87 सदस्यांत एकही कृष्णवर्णीय नाही. ‘एमिली इन पॅरिस’ या मालिकेच्या सेटवर तीसहून जास्त सदस्यांना पॅरिसला नेलं गेलं होतं आणि पंचतारांकित हॉटेलात ठेवलं गेलं होतं. त्या मालिकेला दोन नामांकनं मिळाली. मायकेला कोल हिच्या, समीक्षकांनी डोक्यावर घेतलेल्या ‘आय मे डिस्ट्रॉय यू’ला एकही नाही. सभासदांना समित्यांवर काम केल्याबद्दल मानधन मिळत असे, तेही सगळं मिळून वर्षाला वीस लाख डॉलरच्या घरात. नव्या पत्रकाराला आत घ्यायचं की नाही, हे आतल्यांनीच ठरवायचं, म्हणजे वाटेकरी वाढवायचा की नाही हे.

त्या वर्षीच्या मंचावर संस्थेच्या वतीने तिघांनी येऊन सुधारणेची ग्वाही दिली. त्यातल्या एक मेहेर तात्ना, मुंबईत जन्मलेल्या आणि 2017 ते 2019 या काळात संस्थेच्या अध्यक्ष राहिलेल्या. शब्द बरे होते, पण वेळ गेली होती. मे महिन्यात एनबीसीने पुढच्या वर्षीचं प्रक्षेपण नाकारलं. टॉम क्रूझने आपले तिन्ही ग्लोब परत केले. जानेवारी 2022 मध्ये बेव्हर्ली हिल्टनमध्ये कॅमेरे नाहीत, तारे नाहीत, लाल गालिचा नाही, अशा स्थितीत निकाल समाजमाध्यमांवर टाकले गेले. ‘पोझ’ मालिकेसाठी मिकेला जे रॉड्रिग्ज ही ग्लोब मिळवणारी पहिली पारलिंगी अभिनेत्री ठरली, आणि तिच्या वाट्याला ना मंच आला, ना टाळ्या. संस्थेच्या पापाचा भुर्दंड भलत्यालाच बसला.

घाईघाईने नवे सदस्य घेतले गेले, भेटवस्तूंवर बंदी आली, आणि जानेवारी 2023 मध्ये समारंभ पुन्हा एनबीसीवर झाला. आपल्याकडे तो लक्षात राहिला ‘आरआरआर’मुळे. टेलर स्विफ्ट, लेडी गागा, रिहाना यांच्या गाण्यांना मागे टाकून ‘नाटू नाटू’ला सर्वोत्तम गाण्याचा मान मिळाला आणि एम. एम. कीरवाणी यांनी तो स्वीकारला. देशभर पेढे वाटले गेले. ज्या संस्थेने तो दिला, तिचा तो शेवटचा समारंभ होता. जून 2023 मध्ये हॉलिवूड फॉरेन प्रेस असोसिएशन बरखास्त झाली. पुरस्काराचे हक्क डिक क्लार्क प्रॉडक्शन्स आणि एल्ड्रिज या कंपन्यांनी विकत घेतले. जुन्या सदस्यांना वार्षिक 75,000 डॉलर पगारावर नोकर म्हणून ठेवलं गेलं. मतदार वाढवून तीनशेच्या वर नेले, तेही जगभरातून. 2024 पासून प्रक्षेपण सीबीएसवर गेलं, गल्ला जमवणाऱ्या चित्रपटासाठी वेगळा पुरस्कार आला, 2026 मध्ये तर पॉडकास्टही यादीत आला.

मतदारयादी सुधारली, हे मान्य. पण डिक क्लार्क प्रॉडक्शन्समध्ये एल्ड्रिजचा भागीदार आहे पेन्स्के मीडिया, आणि ‘व्हरायटी’, ‘हॉलिवूड रिपोर्टर’, ‘डेडलाइन’ ही चित्रपट धंद्याची तिन्ही मोठी बातमीपत्रं पेन्स्केच्याच छत्राखाली आहेत. पुरस्कारांच्या मोसमात स्टुडिओ याच पत्रांना पानभर जाहिराती देतात. म्हणजे जाहिरात घेणारा, बातमी देणारा आणि बक्षिसाचा मालक यांचं घर एकच. पॅरिसच्या हॉटेलाची खोली डोळ्यांना दिसते, ही भानगड दिसत नाही. माझ्या मते ती जास्त गंभीर आहे.

तरीही ग्लोबला नाकं मुरडून आपण गप्प बसावं, असं मला वाटत नाही, आणि त्याचं कारण व्यवहारी आहे. पायल कपाडिया हिच्या ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ला 2024 मध्ये कानला ग्रां प्री मिळालं. मुंबईच्या परिचारिकांची ती गोष्ट. त्यात छाया कदम यांनी गिरणी कामगाराच्या विधवेची, पार्वतीची, भूमिका केली आहे. कागदपत्रं नसल्याने बिल्डर तिला घराबाहेर काढतो आणि ती कोकणातल्या गावी परतते. मराठी संवाद त्यात ऐकू येतात ते ओढूनताणून नव्हे. भारताच्या समितीने ऑस्करसाठी हा चित्रपट पाठवला नाही. ग्लोबमध्ये मात्र त्याला इंग्रजीतर चित्रपटाचं नामांकन मिळालं, आणि सर्वोत्तम दिग्दर्शनाच्या यादीतही पायलचं नाव आलं. दोन्ही पुरस्कार दुसऱ्यांना गेले, ते वेगळं.

हे घडू शकलं कारण ऑस्करच्या परदेशी चित्रपटाच्या गटात देशामागे एकच चित्रपट, तोही समितीने निवडलेला, असा नियम होता. ग्लोबमध्ये निर्माता स्वतः अर्ज करू शकतो. भारताच्या वतीने ऑस्करला आजवर तीनच मराठी चित्रपट गेले: ‘श्वास’, ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ आणि ‘कोर्ट’. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘द डिसायपल’ला 2020 मध्ये व्हेनिसला सर्वोत्तम पटकथेचा पुरस्कार मिळाला, पण समितीच्या दारातून तोही पुढे गेला नाही. मराठी निर्मात्यांनी ही दुसरी वाट वापरावी. ग्लोबच्या निकालावर फार विश्वास ठेवू नये, पण अर्ज मात्र जरूर भरावा.